शिवाराची नोंद : एकवीस दिवस आणि त्यानंतरचं

११ मे

रात्री दहाच्या सुमाराला गल्लीच्या ग्रुपवर एक फोटो आला. पेपरचं पान, ताटाशेजारी ठेवून काढलेलं, निम्मं अंधारात, सगळं कानडीत. खाली तात्यांचा व्हॉइस मेसेज, "बाळ, ह्यात आपला सर्व्हे नंबर हाय काय बघ की जरा, पंचायतीत सगळे बोलायलेत." मला कानडी बोलता येतं, वाचायला मात्र दम लागतो. तरी नंबर लागला. आमचाच. मालकाच्या जागी आज्जाचं नाव, आणि आज्जा जाऊन सत्तावीस वर्षं झाली.

म्हणजे नोटीस आली ती मेलेल्या माणसाच्या नावानं, त्याच्या नातवाला न येणाऱ्या लिपीत, आणि तीपण पेपर निघाल्यावर दोन दिवसांनी.

आमचं गाव बेळगावच्या दक्षिणेला, बळ्ळारी नाल्याच्या बाजूला. नाव लिहीत नाही कारण प्रकरण चालू आहे. शिवारातनं नवा मोठा रस्ता जाणार, आणि रस्ता आला की दोन्ही अंगाला प्लॉटिंग येतंय हे वडगाव-शहापूर-अनगोळ बाजूच्या लोकांना सांगायची गरज नाही, जिथं बासमती पिकायचा तिथं आता लेआउटच्या कमानी आहेत. मी उद्यमबागेत ड्रॉइंगचं काम करतो, कॅडवर, त्यामुळं नकाशा बघायची सवय आहे. तेवढ्या भांडवलावर हे काम अंगावर घेतलंय आणि रोजचं लिहून ठेवणार आहे, उद्या कुणी विचारलं की कधी काय केलंस तर तारखेनिशी दाखवता यावं म्हणून.

आज एवढंच कळलं की हे राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६ खाली आहे, कलम थ्री ए ची नोटीस, म्हणजे जमीन घ्यायचा इरादा जाहीर करणारी. कलम थ्री सी खाली हरकत घ्यायला २१ दिवस.

१२ मे

कालची रात्र जवळजवळ फुकट गेली असं म्हणायला लागेल. पेपरच्या फोटोवरनं अक्षरं उचलायला गुगल लेन्स लावून बघितलं, मग टेसरॅक्ट, चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्राम, त्यात कानडी आहे. शब्द बरे येतात खरं आकडे घात करतात. कानडीतला सहा आणि नऊ नीट छापलेले असले तरी फसवतात, ह्या फोटोत तर विचारू नका. सर्व्हे नंबरमध्ये एक आकडा चुकला तर दुसऱ्याच माणसाची झोप उडवायची, म्हणून ते सोडून दिलं.

मग पहाटे डोक्यात आलं की थ्री ए ची अधिसूचना केंद्राच्या राजपत्रात निघते आणि राजपत्र ऑनलाइन मिळतं. शोधली, अर्ध्या तासात पीडीएफ हातात. इंग्रजीत आहे आणि हिंदीतपण आहे! हिंदी म्हणजे आपलीच लिपी, आमच्या काकूनं यादी घडाघडा वाचली, गट, क्षेत्र, नाव, सगळं. चार दिवस लोक पेपरचं कानडी पान घेऊन कुणाकुणाच्या दारात उभे होते आणि हे कागद कुणालाबी वाचता येतील असे तिथं पडून होते. ह्याचा मला राग आला आणि बरंपण वाटलं.

दुसरी गोष्ट. राजपत्राची तारीख ५ मे, पेपरची ९ मे. दिवस कुठनं मोजायचे ह्यावर पंचायतीच्या कट्ट्यावर तासभर वाद झाला. आम्ही आधीची तारीख धरली. म्हणजे २६ मे. त्यात २४ चौथा शनिवार, २५ रविवार, आणि अगदी शेवटच्या दिवसावर ठेवायचं नाही, म्हणून २३ तारीख धरली. अकरा दिवस.

१३ मे

यादी शीटमध्ये घातली, १४३ ओळी. अधिसूचनेत क्षेत्र हेक्टरात आहे, आमची माणसं गुंठ्यात विचार करतात. तर एक कॉलम, चौरस मीटर भागिले १०१.१७, म्हणजे गुंठे. शेजारच्या कॉलममध्ये उताऱ्यावरचं एकूण क्षेत्र, म्हणजे किती जातंय आणि किती राहतंय हे एका ओळीत कळेल.

इथं मोठी चूक केली. आपल्या कर्नाटकच्या उताऱ्यावर, आरटीसीवर, क्षेत्र एकर-गुंठे-आणे असं लिहिलेलं असतं, २.१५ म्हणजे दोन एकर पंधरा गुंठे. शीटला ते काय कळणार, तिनं ते दोन पूर्णांक पंधरा शतांश धरलं. २.१५ आणि १.३० ची बेरीज तिनं ३.४५ केली, खरी बेरीज चार एकर पाच गुंठे. ४० गुंठ्यांचा एकर आहे. तात्यांनी नुसतं बघून सांगितलं, "हे काय तर चुकलंय, आमची दोन्ही मिळून चारच्या वर हाय." शाळा चौथी झालेला माणूस. सगळे आकडे परत दोन कॉलममध्ये फोडून घातले, रात्रीचा दीड वाजला.

जो कोण असलं काम करणार असेल त्यानं एकर आणि गुंठे पहिल्यापासनं वेगळे ठेवा.

१५ मे

सकाळी सहाला शिवारात. मी, तात्या, आणि धाकटी बहीण. फोनवर दिशांक ॲप, कर्नाटक सरकारचंच आहे, उभा राहशील तिथला सर्व्हे नंबर दाखवतं, मालकाचं नावपण बघता येतं. रस्त्याची मधली रेघ मी केएमएल, म्हणजे फोनच्या नकाशावर उघडणारी फाइल, करून घेतली होती, अधिसूचनेतल्या गटांवरनं अंदाजानं.

ॲप चांगलं आहे खरं बांधाला बांध लागत नाही. आमच्या विहिरीच्या काठावर उभा राहिलो तर शेजारचा नंबर दाखवलं. गावाचे जुने नकाशे स्कॅन करून उपग्रहाच्या चित्रावर बसवलेत, त्यात थोडी सरक आहे, आणि फोनचा जीपीएस उघड्यावरसुद्धा चार-पाच मीटर इकडंतिकडं. म्हणून ठरवलं की ह्याचा वापर "कुठला गट" एवढ्यालाच करायचा, "हद्द कुठं" ह्याला अजिबात नाही, नाहीतर रस्ता बाजूला राहील आणि भाऊबंदांच्यात बांधावरनं भांडणं लागतील. बहिणीनं हे वाक्य ग्रुपवर ठळक करून टाकलंय.

तात्या चालता चालता एकेका तुकड्याचं नाव सांगत होते. वड्याकडचं, चिंचेचं, देवाचं, खालची मळी. ही नावं कुठल्याच उताऱ्यावर नाहीत. शीटमध्ये एक कॉलम वाढवला. सर्व्हे नंबर सांगितला तर म्हाताऱ्या माणसांना काय कळत नाही, चिंचेचं म्हटलं की लगेच उठून बसतात, "चिंचेचं जातंय?"

१६ मे

बैठकीत पोरांचं म्हणणं, हॅशटॅग काढूया, रील करूया, व्हायरल झालं की आपोआप थांबेल. बेंगळुरूचं उदाहरण दिलं एकानं, स्टील फ्लायओव्हरचं. चांगलं उदाहरण आहे. ६.७ किलोमीटरचा पूल, १,७९१ कोटी, ८१२ झाडं जाणार होती, २०१६ च्या ऑक्टोबरात लोक रस्त्यावर हात धरून उभे राहिले आणि २०१७ च्या मार्चमध्ये सरकारनं तो रद्द केला. "बेडा" म्हणजे नको, तो हॅशटॅग सगळीकडं होता.

खरं तिथं हॅशटॅगमागं माणसं उभी होती, हरित लवादात प्रकरण होतं, कागद होते. आणि ती राजधानी आहे, तिथल्या माणसाचं ट्विट मंत्री वाचतो. आमच्या शिवारातल्या माणसाची रील कोण बघणार, आमचेच पाहुणे बघणार आणि हार्ट टाकणार. माझं मत मी सरळ सांगितलं, आत्ता आपल्याकडं आठ दिवस आहेत, ह्या आठ दिवसांत ज्याचा शिक्क्यासकट पोच मिळत नाही असलं एकपण काम करायचं नाही. पोरं नाराज झाली. दोघं उठून गेले. बेळगावच्याच हलगा-मच्छे बायपासला उभ्या उसात जेसीबी घातलेलं ह्याच पोरांनी फोनवर बघितलंय, त्यांची घाई मला कळते.

उठून गेलेल्यातला एक रात्री परत आला, म्हणाला, दादा टायपिंग दे मला.

१८ मे

हरकतीचा अर्ज तयार. एकच सामूहिक निवेदन देऊन सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या असं जुन्या लोकांचं म्हणणं होतं, नेहमी तसंच करतात. मी विरोध केला. थ्री सी मध्ये जमिनीत ज्याचा हितसंबंध आहे अशा कुणालाही हरकत घेता येते आणि त्याचं म्हणणं समक्ष ऐकून घ्यायला लागतं. दोनशे सह्यांचं एक निवेदन दिलं तर एक माणूस बोलणार. दोनशे अर्ज दिले तर दोनशे जणांना बोलवायला लागेल.

तर शीटवरनं मेल मर्ज केलं, म्हणजे नमुना एक आणि त्यात शीटमधली माहिती आपोआप भरली जाते, प्रत्येकाचा अर्ज वेगळा, त्याचा गट, त्याचे गुंठे, विहीर आहे काय, बोअर आहे काय, झाडं किती, घर आहे काय, वाट बंद होते काय, आणि शेवटी मोकळी जागा, त्याच्या मनातलं त्याच्याच शब्दात. ती मोकळी जागा भरायलाच सगळ्यात जास्त वेळ गेला. लोक आधी म्हणतात, "तूच लिही की काय तर." मग मी फोनचं रेकॉर्डिंग चालू करून नुसता बसतो. दोन-तीन मिनिटं गप्प जातात आणि मग ते बोलायला लागतात.

उताऱ्यावर नाव नसलेले किती निघाले! वारसा लागलेला नाही, आज्जाच्या नावावर तीन भावांची सात पोरं, लग्न होऊन खानापूरला गेलेल्या आत्या, नांगर धरणारा वाटेकरी. हे सगळे हितसंबंधित आहेत. बहिणीनं आत्यांना व्हिडिओ कॉल करून करून सगळ्यांचं लिहून घेतलं. एक आत्या रडायला लागल्या, म्हणाल्या, जमिनीचं मला ह्या घरातनं पहिल्यांदा कोण तरी विचारायलंय.

अर्जाची भाषा. गल्लीतले मास्तर, घरी कानडी, त्यांची दीड एकर ह्याच पट्ट्यात. त्यांनी सगळा मसुदा कानडीत केला आणि आम्ही मराठी प्रत मागं जोडली. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणं संघात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत निवेदन देता येतं, तो उल्लेख वरच टाकलाय. व्हॉइस मेसेज दोन, एक माझा मराठीत, एक मास्तरांचा कानडीत, मजकूर तोच. नाल्याचं पाणी कुणाच्या शेतात शिरायचं ते भाषा विचारून शिरत नाही.

१९ मे

आज वाईट झालं आणि ते माझ्यामुळं झालं.

शीटची लिंक ग्रुपवर टाकली होती, ज्याच्याकडं लिंक त्याला उघडेल अशी, सगळ्यांना आपापली ओळ तपासता यावी म्हणून. त्यात नावं, गुंठे, फोन नंबर, वारसा लागलाय की नाही, सगळं. दुपारपासनं लोकांना एजंटांचे फोन. "तुमची जमीन जाणारच आहे, सरकारी रेटपेक्षा जास्त देतो, आत्ता सही करा." आणि फोन कुणाला, बरोबर त्यांनाच ज्यांचा वारसा लागलेला नाही, ज्या बाया एकट्या आहेत. एका वहिनीनं ॲडव्हान्स घ्यायची तयारी केली होती, तात्यांनी जाऊन थांबवलं.

लिंक बंद केली. नवी शीट केली, आता फोन नंबर आणि वारशाचं वेगळ्या फाइलमध्ये, ती फक्त तिघांकडं. बाकीच्यांना आपली ओळ हवी असेल तर पीडीएफ करून त्यांच्याच नंबरवर पाठवतो. ग्रुपवर जाऊन मी माफी मागितली. लोकांनी काही म्हटलं नाही, पण ज्यानं विश्वासानं आपली कुंडली सांगितली त्याची कुंडली मी चव्हाट्यावर मांडली, हे मला विसरता येणार नाही. असलं काम करताना पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे की ही यादी चुकीच्या माणसाच्या हातात पडली तर काय होईल, आणि मी तो विचारला नव्हता.

२१ मे

पुराव्याचं काम. मे महिन्यात शिवार बघशील तर नांगरून पडलेलं, कुणीही म्हणेल एकपिकी कोरडवाहू आहे. खरं भात निघालं की मसूर, वाटाणा, काहीजण भाजी करतात. ते दाखवायचं कसं?

एक, लोकांच्या फोनमधले जुने फोटो. पोरगं मसुरात उभं आहे, म्हैस बांधावर आहे, असले. ते व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे पाठवले तर फोटोच्या पोटातली तारीख आणि जागा पुसली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, मग राहते. हे पंचवीस घरी जाऊन फोनवर करून दाखवलं.

दोन, सेंटिनेल-२ ची चित्रं, युरोपची उपग्रह सेवा आहे, ब्राउझरवर फुकट, दहा मीटरचा एक ठिपका, साधारण पाच दिवसाला एक चित्र. जानेवारीत आभाळ स्वच्छ असतं. मागच्या पाच वर्षांची जानेवारी-फेब्रुवारीची चित्रं काढली, भातानंतर परत हिरवं झालेलं दिसतंय, पाचही वर्षं. कापून, तारीख टाकून, गटांची रेघ मारून छापून घेतली.

तीन, पाणी. २०१९ च्या ऑगस्टला नाला कुठंपर्यंत आला होता ते लोकांना तोंडपाठ आहे. पावसाळ्यात ढगांमुळं साधं चित्र मिळत नाही, म्हणून सेंटिनेल-१ चं रडार बघितलं, त्याला ढग आडवे येत नाहीत. पाणी काळं दिसतं. बघून मी नाचायचाच बाकी होतो, सगळं शिवार काळं. मग मास्तर म्हणाले, "ऑगस्टात भाताच्या खाचरात पाणी असतंयच की." बरोबर आहे, रोपाला पाणी बांधलेलं खाचरपण रडारला काळंच दिसणार. म्हणून हे चित्र पुरावा म्हणून लावलं नाही. त्याऐवजी त्या आठवड्यातले लोकांचे फोटो, कुठल्या घराच्या कितव्या पायरीला पाणी होतं, ते लावले. भक्कम नसलेली गोष्ट कागदात घुसडली तर तिच्यामुळं भक्कम गोष्टपण पडते.

२३ मे

१८७ अर्ज. झेरॉक्सवाल्यानं रात्री अकरापर्यंत दुकान उघडं ठेवलं आणि निम्मेच पैसे घेतले. सकाळी नऊला दोन टेम्पोतनं माणसं अर्ज द्यायला कार्यालयाकडं निघाली. पोच द्यायला खिडकीवरचा माणूस आधी तयार नव्हता, म्हणाला सगळे एकत्र ठेवून जावा. आम्ही कुणी हललो नाही, आवाजपण चढवला नाही, ओळीत उभे राहिलो. साडेचारपर्यंत १८७ शिक्के मिळाले. प्रत्येकानं आपल्या पोचचा फोटो तिथंच काढला, आणि मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोटाशी धरून घरी नेला.

घरी येऊन झोपलो. बाहेर धुवाधार पाऊस.

९ जून

पेरणीत सगळे गुंतलेत. मी दोन माहिती अधिकार अर्ज टाकले, एक केंद्राच्या पोर्टलवर, एक राज्याच्या. विचारलंय एवढंच, नाल्यावरनं आणि शिवारातनं भराव जाणार तर मोऱ्या, म्हणजे रस्त्याखालनं पाणी जायच्या वाटा, किती, रुंदी किती, पाण्याचा हिशोब कुठल्या वर्षांच्या पावसावर केलाय, त्याच्या प्रती द्या. फी दहा-दहा रुपये. राज्याच्या नियमात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा लागतो, केंद्राला ५०० शब्दांपर्यंत चालतं. १५० शब्दांत बसवायला मास्तर आणि मी दोन तास बसलो.

इथं एक खटकलं. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६ प्रमाणं अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत. म्हणजे गाऱ्हाणं मराठीत देता येतं, माहिती मात्र मराठीत मागता येत नाही. आणि जिथं भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांच्या वर आहेत तिथं नोटिसा, नियम त्यांच्या भाषेत द्यायचे असं तत्त्व भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांच्या अहवालांत आहे, सीमाभागात हे लहान पोरालापण पाठ असतंय. २०२० ला पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेच्या मसुद्यावेळी दिल्ली हायकोर्टानं ३० जूनला आदेश दिला होता की आठव्या अनुसूचीतल्या बावीसही भाषांत भाषांतर करा, आणि हरकतीची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली होती. न वाचता येणारी नोटीस म्हणजे नोटीस नव्हेच, हे आम्ही सुनावणीच्या टिपणात पहिल्या मुद्द्याला घेतलंय, आणि ते लिहिलंय मास्तरांनी, कानडीत.

२४ जून

सुनावणी. रोज चाळीसजणांना बोलवायलेत. आज आमच्या घराचा नंबर होता. टॅब्लेटवर सगळं लावून नेलं होतं, ते कुणी बघितलं नाही. छापलेले कागद मात्र बघितले. जानेवारीच्या चित्रांवर अधिकाऱ्यांनी दोनदा बोट ठेवून विचारलं, हे कुठनं घेतलं, कुणालाही मिळतं का? मिळतं म्हटलं. त्यांनी शेजारच्या कारकुनाला लिहून घ्यायला सांगितलं.

खानापूरच्या आत्या पहिल्या बसनं आल्या होत्या. त्यांना विचारलं, उताऱ्यावर तुमचं नाव नाही, तुमचा संबंध काय? आत्यांनी फोन काढला नाही की कागद काढला नाही, म्हणाल्या, "त्या चिंचेखाली माझी आई पुरलीय." मास्तरांनी ते कानडीत सांगितलं, आणि सांगून झाल्यावर त्यांना पुढं बोलता आलं नाही. अधिकाऱ्यांनी ते वाक्य जबाबात घेतलं. मी वाचून बघितलं, घेतलंय.

निकाल लेखी येणार. हरकती फेटाळल्या तर पुढं कलम थ्री डी ची घोषणा, आणि मग जमीन सरकारकडं. थ्री ए पासनं वर्षाच्या आत थ्री डी निघाली नाही तर थ्री ए संपते. कॅलेंडरवर पुढच्या ५ मे ला खूण केली आहे.

८ जुलै

दोन दिवस झाले, नाल्याच्या जुन्या मोरीवर ऑइलपेंटनं पट्टी रंगवली आहे, वीत-वीत अंतरावर रेघ, आकडे पांढऱ्यात. बैठकीतनं उठून गेलेली ती दोन पोरं रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला फोटो काढतात, डॉक्युमेंट म्हणून पाठवतात, बहीण शीटमध्ये चढवते. तीन ठिकाणी कॉपी, एक तात्यांच्या ट्रंकेत पेनड्राइव्हवर. मोरी पुरेल असं उद्या कुणी कागदावर दाखवलं तर आमच्याकडं आमचा आकडा असावा. माहिती अधिकाराचं उत्तर आज-उद्या यायला पाहिजे, तीस दिवस होत आलेत.

आज सकाळी सात वाजता पाणी पाचव्या रेघेला. कालच्यापेक्षा दोन रेघा वर. पाऊस चालूच आहे.